रंगूबाईंची नानकटाई

कल्याणला आगगाडीचं अप्रूप ओसरलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. नवरा गेल्यावर रंगूबाई पारनाक्याजवळ दोन खोल्यांत एकट्या राहत आणि लग्नामुंजींचे लाडू-चिरोटे करून देत. विधवेनं एकटं राहायचं म्हणजे गावाला खुपणारच. मुरबाडचे धाकटे दीर राघोपंत दर खेपेला म्हणत, "वहिनी, आता आमच्याकडे चला." माणूस वाईट नव्हता. पण तिथे जन्मभर दुसऱ्याची चूल फुंकावी लागेल, हे रंगूबाईंना पक्कं ठाऊक होतं. यंदा तर दिरांनी बजावलंच होतं, वैशाखात बैलगाडी घेऊन न्यायला येतो म्हणून.

अशात माघात ठाण्याच्या एका वकिलांचा निरोप आला. मुलाच्या लग्नात नानकटाई हवी होती. पाववाल्याच्या भट्टीवरची त्यांच्या सोवळ्यात चालत नव्हती, म्हणून घरी केलेली. जमली तर त्यांच्या गोतावळ्यातली पुढची सगळी कार्यं रंगूबाईंकडे येणार होती. मग दिरांना नाही म्हणता आलं असतं.

बाईंनी जन्मात नानकटाई केली नव्हती, तरी हो म्हणून मोकळ्या झाल्या! बाजारहाट करून देणाऱ्या सहदेवाला त्यांनी भट्टीवर पिटाळलं. तो विचारून आला. "मैदा, तूप, साखर, तिन्ही सारखं घ्यायचं, बाय. बाकी काय नाय."

घरात तराजू नव्हता. तो वाण्याकडे नाहीतर सोनाराकडे असायचा. बायकांचं सगळं मापावर चाले. रंगूबाईंनी धान्य मोजायचं पितळी चिपटं घेतलं आणि मैदा म्हणून घरी काढलेलं गव्हाचं सपीट, तूप, दळलेली साखर एकेक चिपटं मोजून मळलं. ताटात गोळे मांडले. ताट शेगडीवर, वर झाकण, झाकणावर निखारे. थोड्या वेळाने झाकण काढलं तर गोळे गायब, आणि ताटभर तुपात पोहणारं एकच धिरडं! रंगूबाई भिंतीला टेकून रडल्या. तूप वाया गेलं हे होतंच, पण त्यांना मुरबाडची चूल दिसायला लागली होती.

लोक म्हणतात, सुगरणीच्या हाताला अंदाज असतो. मला हे अर्धंच पटतं. अंदाज सवयीच्या वस्तूचा असतो. नवी वस्तू आली की सुगरणीचा हातसुद्धा चाचपडतो.

सकाळी त्यांनी पुन्हा मोजायला घेतलं. तुपाचं चिपटं उचलताना मनगट खाली गेलं, सपिटाचं उचलताना गेलं नाही. दोन्ही भरलेली तर काठोकाठ. रंगूबाई थबकल्या. भट्टीवर सगळं तोलून घेतात, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. पण घरात वजनं कुठली? मग त्यांनाच हसू आलं. दोन्हीकडे सारखंच तर करायचं, वजनं हवीत कशाला! मुसळ मधोमध दोरीने आढ्याला टांगलं, दोन टोकांना दोन सारख्या परड्या. एकीत तुपाचं भांडं, दुसरीत तसंच रिकामं भांडं, आणि त्यात हळूहळू सपीट. मुसळ आडवं होईपर्यंत जवळजवळ दोन चिपटी सपीट गेलं. तेही हलक्या हाताने भरलेलं, कारण दाबून भरलं की त्याच चिपट्यात कितीतरी जास्त मावायचं. साखरही तशीच तोलली. पुढे त्याच मापाने त्या करत राहिल्या.

या वेळी गोळे फुगले, वरून तडकले आणि जिभेवर विरघळले. ठाण्याला टोपली गेली, आणि लग्न उरकायच्या आत दुसऱ्या कार्याचा निरोप आला.

राघोपंत बोलल्याप्रमाणे वैशाखात आले. दारात गाडी उभी करून आत आले, तेव्हा रंगूबाईंचं भाजणं चाललं होतं. पुढ्यातली एक नानकटाई दिरांनी खाल्ली, मग दुसरी घेतली. 

"वहिनी, लोक मला नावं ठेवतात हो. एकट्या बाईला कल्याणात टाकलंय म्हणतात. त्यांना काय सांगू?"

रंगूबाई झाकणावरचे निखारे चिमट्याने पसरत होत्या.

"सांगा, भावजी, तिला यायला वेळ नाही."