मुळांवरच्या गाठी
बारामतीच्या बाजारात ओल्या हरभऱ्याची जुडी उचलली, की बोटांना पानांवरची आंब लागते आणि त्या आंबट वासाबरोबर माझा जुना राग वर येतो. उसाच्या आणि हरभऱ्याच्या मुळांपाशी नत्राचे जिवाणू कसे वेगळे असतात, हा माझा प्रकल्प होता आणि त्याच्यावरच माझी कृषी पदवी अडली होती. इंदापूरकडच्या चुलत्यांनी, तात्यांनी, उसातल्या चार सऱ्या हरभऱ्याला दिल्या. घरातला पहिलाच शिकणारा म्हणून त्यांना माझं कोण कौतुक! फुलोऱ्यात मातीचे नमुने घ्यायला पिशव्या घेऊन गेलो, तर सगळा हरभरा उपटून बांधावर टाकलेला आणि मुळं उन्हात वाळत पडलेली. “बरं झालं आलास,” तात्या म्हणाले. “समद्या मुळास्नी गाठी हुत्या, आपल्या डाळिंबाच्या मुळांवानी. उसाला लागायच्या आत उपटून टाकलं.” “तात्या, डाळिंबाला सूत्रकृमीच्या, किड्याच्या रोगाच्या गाठी असत्यात. ह्या चांगल्या हायत, ह्यातलं जिवाणू हवेतला नत्र धरत्यात!” मी ढिगाखालची एक ओली गाठ नखानं फोडून आतला निरोगीपणाचा गुलाबी रंग दाखवला. त्यांनी ती निरखून पाहिली. “आतनं लाल झालीया. म्हंजी रोग लईच मुरला हुता की.” हंगाम निघून गेला होता. पदवी एक वर्ष लांबली. आज मी वर्गात मुलांना हेच शिकवतो, तरी लग्नकार्यात तात्या माझ्या खांद्यावर हात टाकून पाहुण्यांना सांगतात, “ह्येच्या हरभऱ्याचा रोग मी येळंत वळखला, न्हायतर ह्यो नापासच हुता,” आणि मी होकाराची मान डोलावतो.