दोन भाकरींची पाटी

जळगावात बसस्टँडच्या मागे माझी खानावळ आहे. शेवभाजी, ठेचा, कांदा आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. ताटाचा दर ठरलेला, भाकरी मात्र पोटभर. आमच्या खान्देशात जेवणाऱ्याची भाकरी मोजत नाहीत. आई म्हणायची, मोजलेली भाकरी अंगी लागत नाही.

मग तेल भडकलं. शेवभाजीवर लालभडक तवंग नसला तर आमचं गिऱ्हाईक ताट बाजूला सारतं, तेव्हा तेलात काटकसर करायची सोय नाही. मी ताटाचा दर वाढवला. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण डाळ, गॅस, भाडं, सगळ्यांचा राग मी भाकरीवर काढला आणि भिंतीवर पाटी लावली: एका ताटाला दोनच भाकरी, जास्तीचे पैसे वेगळे. लोक कुरकुरले. मी कसली ऐकते! "मी काय इथे अन्नछत्र उघडलंय?" असं तोंडावर म्हणायची.

पुढे तेल उतरलं. ताटाचा दर उतरवायचं माझ्या मनातही आलं नाही. का उतरवू? शेजारच्यांनी कुठे उतरवला? वाढवताना सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि उतरवताना एकमेकांची वाट बघतात. वरचे पैसे गेले कुठे म्हणाल, तर थोडे गॅसला, थोडे भाड्याला, आणि बाकीचे माझ्या खोलीतल्या मोठ्या कूलरला. जळगावचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. त्या गार वाऱ्यात मला मेलीला छान झोप लागायची.

रोज दुपारी एक आबा जेवायला यायचे. कापसाच्या जिनिंगमध्ये वॉचमन, मूळचे चोपड्याकडचे. पूर्वी ते तीन भाकरी खायचे आणि माझी पाठ वळली की चौथी रुमालात बांधायचे. घरी त्यांची बायको लकव्याने अंथरुणाला खिळलेली, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मुद्दामच पाठ वळवायची. पाटी लागल्यावर मात्र एक भाकरी पोटात, एक रुमालात. त्यांचा पगार काही तेलाबरोबर वाढला नव्हता. रस्सा तेवढा दोनदा मागून प्यायचे. मला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. एकदा विचारलं, "आबा, भूक मेली का?" म्हणाले, "वय झालं, ताई." उत्तर माझ्या सोयीचं होतं. मी ते मान्य करून टाकलं.

मग ते यायचे थांबले. जिनिंगमधला एक हमाल म्हणाला, आबा कामावर चक्कर येऊन पडले. डबा भरला आणि घर विचारत विचारत गेले. आबा खाटेवर डोळे मिटून पडलेले. दुसऱ्या खाटेवर त्यांची बायको, अक्का. मी कोण ते सांगताच त्यांनी चालत्या हाताने माझा हात धरला.

"तूच ती मालकीण शे का? माय, तुना हात मोठा शे! मी रोज म्हणस, अर्धी भाकर तुम्ही खा. धनी म्हणतस, मालकीणनी आग्रह करीसन चार वाढ्यात, पोटमा जागा नही. देव तुले बठ्ठं देवो, माय."

आबांच्या पापण्या हलल्या. झोपलेले नव्हतेच ते. खरं सांगावं तर त्या माउलीने खाल्लेला प्रत्येक घास तिच्या घशात अडकला असता. न सांगावं तर तो आशीर्वाद माझ्या डोक्यावर बसत होता. मी मान खाली घालून तो घेतला. लाज वाटली, फार वाटली, पण घेतला.

परत आल्या आल्या पाटी काढून भाकरीच्या चुलीत घातली. आबा आता पुन्हा येतात. मी आग्रह करकरून वाढते, चौथी भाकरी स्वतःच्या हाताने बांधून देते. ते खाली बघून जेवतात. मीही त्यांच्याकडे बघत नाही.

ताटाचा दर मात्र अजून तोच आहे. उतरवीन म्हणते. शेजारच्यांनी उतरवला की.