सहावी मूठ

संकटात देव आठवला, असं पुष्कळ लोक लिहितात. मलाही आठवला, पण भांडायला. सोळा वर्षांचा होतो, धुळ्याच्या बोर्डिंगच्या मागच्या खोलीत तापानं फणफणत पडलो होतो, आणि मनातल्या मनात आमच्या कुळाच्या कानबाईला दातओठ खाऊन बोल लावत होतो. ज्या अनुभवानं माझी मान तिच्यापुढे कायमची वाकली, त्याची सुरुवात ही अशी आहे. ती गोड करून सांगायचा माझा विचार नाही. आजही ते दिवस आठवले की तळपायाची आग मस्तकात जाते.

बोर्डिंगात आम्ही तीस-बत्तीस पोरं. बहुतेक सगळी शेतकऱ्यांची, तापीकाठच्या गावांतली. माझं गाव नरडाण्यापासून कोसभर आत. रतन मात्र शिरपूरच्याही पलीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा. शाळेतल्या एका भल्या मास्तरांनी शब्द टाकला म्हणून त्याला बोर्डिंगात घेतलं होतं. घेतलं म्हणजे काय, तर निजायला एक कोपरा दिला आणि जेवायला बाहेरचा ओटा. आम्ही आत पंगतीत बसायचो आणि तो बाहेर एकटा. वाढपी त्याच्या ताटात भाकरी वरून टाकायचा. दोन वर्षं मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि आत बसून मुकाट्यानं जेवत राहिलो. हेही लिहून टाकतो, नाहीतर सगळा दोष दुसऱ्यांच्या माथी मारल्यासारखं होईल.

मैदानावर मात्र रतन सगळ्यांना हवा असे. हुतूतूत त्याच्यासारखा दम मी कोणाचा पाहिला नाही. डोंगर चढून वाढलेली ती छाती! तो चढाईला गेला की समोरचे चार-चार जण अंगावर पडत आणि हा त्यांना ओढत रेषेपर्यंत घेऊन येई, तरी तोंडातलं 'हुतूतू' तुटत नसे. तिथं त्याला शिवलेलं चालायचं, मिठी मारलेली चालायची, त्याच्या जिवावर जिंकून गुलाल उधळलेला चालायचा. विटाळ होता तो फक्त भाकरीला!

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं पांझरेत डुंबायला जायचो आणि मग वाळूवर पडून मोठेपणीचे बेत करायचो. मला गळ्यात शिट्टी अडकवलेला ड्रिल मास्तर व्हायचं होतं. रतनला जंगलखात्यात गार्ड व्हायचं होतं. मी हसलो तर तो म्हणाला, "हासू नको. मना बाप लाकडाना भाराकरता गार्डले हात जोडस. मी गार्ड व्हसू, मंग कोनी हात जोडाले नको." मॅट्रिक झाल्याशिवाय ती नोकरी नाही, आणि बोर्डिंगशिवाय त्याला मॅट्रिक नाही. पाड्यावर परत गेला असता तर त्याच्या पाठीवर लाकडाचा भाराच आला असता.

त्या श्रावणात जळगावच्या शाळेशी आमचा सामना ठरला होता. सराव बुडेल म्हणून बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट आबांनी मला कानबाईच्या सणाला घरी सोडलं नाही. आमच्याकडे या सणाला रोट करतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं देवीपुढे एकेक मूठ गहू टाकायचे, ते दळायचे, आणि त्या पिठाचा जो स्वयंपाक होतो ते रोट. ते भाऊबंदांनीच खायचं. बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही. जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात ओततात. माझ्या नावाची मूठ पडलेली, म्हणून माझा वाटा माझ्या पोटात जायलाच हवा. मंगळवारी नाना स्वतः तो फडक्यात बांधून घेऊन आले. नाना म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील दोंडाईच्याच्या कापसाच्या जिनात मुकादम होते, त्यामुळे घरचा कारभार नानांकडे. बजावून गेले, "कन बी कोनले देवाना नही. ध्यानम्हा ठेव."

सराव संपवून आलो तर सडकून भूक लागली होती. रतन ओट्यावर घाम पुसत बसला होता. मी रोटाचं फडकं सोडलं, पुरणाच्या पोळीचा वास त्याच्या नाकात गेला आणि त्यानं मान दुसरीकडे फिरवली. बस, त्या फिरवलेल्या मानेनं माझं डोकं फिरलं. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो, पोळीचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्या हातात कोंबला. तो नको नको म्हणत होता. मीच म्हणालो, "खा रे, देवी काय तुले खाई टाकस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मला हुडहुडी भरून ताप आला. उलट्या सुरू झाल्या. आबा उशाशी येऊन बसले आणि काय खाल्लंस म्हणून खोदून खोदून विचारू लागले. मी घाबरलो होतो, खरंच घाबरलो होतो. 'देवी काय तुले खाई टाकस' म्हणणारा शूरवीर एका तापात गारठला आणि सगळं ओकून मोकळा झाला. रतनचं नाव मीच घेतलं. दुसऱ्या कोणी चुगली केली नाही.

आबांच्या घरीही कानबाई बसायची. त्यांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "रोट बाटवलं! पोराच्या जिवावर उठलं हे कार्टं!" असं ओरडत ते बाहेर गेले. तासाभरात रतनची वळकटी रस्त्यावर होती. त्यानं काय केलं होतं? दिलेलं खाल्लं होतं! संध्याकाळी डॉक्टर आले, म्हणाले, हा मुदतीचा ताप आहे, अंगात आठ-दहा दिवस आधीपासून मुरत असणार. म्हणजे रोट खाण्याच्या कितीतरी आधीपासून. आबांनी ते ऐकून घेतलं आणि कानामागे टाकलं. घरी तारही केली नाही. पोरगं दोन दिवसांत उठेल, उगाच बोभाटा कशाला, हा हिशेब.

मग माझं आणि देवीचं भांडण सुरू झालं. तू म्हणे आई. अर्ध्या पोळीसाठी लेकराला ताप आणणारी ही कसली आई? आणि खायला घातलं मी, तर हाकललंस त्याला? शिक्षा करायची तर धडपणे कर! ताप चढला की मी हे मोठ्यानं बडबडत असे, असं नंतर पोरांनी सांगितलं. शेवटी अंगात भांडायचंही त्राण उरलं नाही. तेव्हा एवढंच म्हणालो की, बाई, माझं काय करायचं ते कर, पण त्याचं शिक्षण मोडू नको. ते मी माझ्या तोंडानं मोडलंय आणि मला ते जोडता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काही मागितलं आणि त्यावर हट्ट धरला नाही.

शनिवारी सकाळी डोळे उघडले तर कपाळावर मायचा हात होता. मला वाटलं, भ्रम झाला. पण दारात नाना उभे होते, आणि त्यांच्या मागे, अंगणात, पाय धुळीनं माखलेला रतन. बोर्डिंगातून हाकलल्यावर तो पाड्यावर गेलाच नव्हता. आग्रा रोडनं चालत, विचारत विचारत आमच्या घरी गेला होता. दारात उभा राहून त्यानं सांगितलं होतं की तुमचा मुलगा आजारी आहे, आणि मी त्याचं रोट खाल्लं आहे. लपवलं नाही. नानांनी ते ऐकून त्याच्या अंगावर काठी उगारली. माय मध्ये पडली, तेव्हा त्यांनी बैल जुंपले, पण रतनला गाडीत बसू दिलं नाही. तेवढी वाट तो गाडीमागून परत चालत आला. हे मला कळलं तेव्हा मी नानांकडे पाठ करून निजलो.

खोलीच्या दारातच बोलणं झालं, मला सगळं ऐकू येत होतं. आबा म्हणाले, "बाई, मुलगा देवीच्या कृपेनं उठेल. पण त्या पोराला परत घेता येणार नाही. रोट भाऊबंदांचं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको."

माय आयुष्यात कधी परपुरुषासमोर चार शब्द बोलली नव्हती. तिनं पदर सारखा केला आणि नानांना विचारलं, "भाऊ, आपला घरम्हा माणसं किती शेत?"

"पाच," नाना म्हणाले.

"आनि आवंदा मुठी किती पडन्यात?"

नानांनी अंगणातल्या रतनकडे पाहिलं. मायनंच आबांना सांगितलं. मुठी तिनं टाकल्या होत्या आणि जाऊबाईंनी मोजल्या होत्या. नाना, माझे वडील, नानांचे दोन मुलगे आणि मी, असे आम्ही पाच पुरुष. मुठी पडल्या सहा. घरात गोंधळ उडाला. कोणी म्हणालं, एक मूठ काढून घ्या. पण देवीपुढे सोडलेला दाणा उचलायचा नसतो, असं खुद्द नानांनीच ठणकावलं होतं. कोणीतरी सहावा येईल तो खाईल, असंही तेच म्हणाले होते.

"तो सहावा उना," माय म्हणाली. "हाऊ दारम्हा उभा शे. याले बाहेरना म्हनाना अधिकार तुमले बी नही, माले बी नही. देवीले जाई सांगा, तुनी मूठ चुकनी म्हनीसन."

देवीचं नाव घेऊन आबांनी पोराला काढलं होतं, आता देवीलाच चुकलीस म्हणायची छाती त्यांना झाली नाही. शेवटी म्हणाले, "राहू दे मग. पण जेवायला ओट्यावरच."

"मंग मना आंडोरनं ताट बी वट्टावर मांडा," माय माझ्याकडे, तिच्या लेकाकडे, बोट करून म्हणाली.

एकवीस दिवसांनी ताप उतरला तोवर माय माझ्या उशाशीच होती. मी अंथरुणात आणि रतनला आबांनी संघातून वगळलेलं, त्यामुळे आम्हा दोघांशिवाय संघ जळगावला गेला आणि सपाटून हरला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? बरा झाल्यापासून मॅट्रिक होईपर्यंत मी ओट्यावर रतनशेजारी जेवलो. आतली बाकीची पोरं आतच जेवत राहिली, एकजणही बाहेर येऊन बसला नाही, आणि मला त्यांचा अजून राग येतो. रतन पहिल्या फटक्यात मॅट्रिक झाला आणि जंगलखात्यात लागला.

त्या तापातून उठून विश्रांतीसाठी गावी निघालो तेव्हा गाडीत मी मायला विचारलंच, "खरं सांग, ती मूठ चुकीसन पडनी, का तू टाकी?" उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला रतनच्या ओट्याची हकिगत सांगितली होती, म्हणून संशय. ती म्हणाली, "तुनी गोठ मना ध्यानम्हा व्हती, नही कसाले म्हनू? पन टाकताना मी मोजी नही." मी प्रत्येक गोष्टीचा कीस पाडणारा माणूस. या गोष्टीचा पाडला नाही. हात मायचा होता, एवढं मला कळतं. त्यापलीकडचं ज्याचं आहे त्याच्याकडे मी सोडून दिलं, आणि ते सोडल्यावर जो थारा मिळाला तो मला भांडून कधी मिळाला नव्हता. देवीवर मी जो राग काढला तो तिच्या नावानं वागणाऱ्या माणसांचा होता, हेही तेव्हाच उमगलं. तिचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही.

पुढच्या श्रावणात रतन आमच्या घरी आला. माय देवीपुढे गव्हाची टोपली घेऊन बसली होती आणि नाना नेहमीसारखे कपाळाला आठ्या घालून खांबाला टेकून उभे होते. मायनं मूठ भरली, तसे ते खेकसले, "थांब वैनी. आवंदा त्या पोऱ्यानी पहिली टाक. मांगला साले त्यानी शेवट पडनी व्हती." आणि कोणी आपल्याकडे पाहू नये म्हणून तरातरा बाहेर निघून गेले. मी कानबाईपुढे हात जोडले. त्या दिवशी तिच्याशी भांडायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.