बाईसाहेबांना 'तू' म्हणणारी

आमच्या बाईसाहेबांना जगात कुणी 'तू' म्हणत नसे. आईवडील लहानपणीच गेलेले. नवरा न्यायाधीश, तोसुद्धा "तुम्ही जेवलात का?" असं विचारायचा, जशा काही त्या त्याच्या कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या. तो वारल्यावर तर विचारायलाच नको. मी त्यांची स्वयंपाकीण, मला 'तुम्ही'शिवाय सोय नव्हती. आणि त्याही सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या, अगदी कोळसेवाल्यालासुद्धा.

घारीने मात्र पहिल्याच भेटीत 'तू' म्हटलं. घारी म्हणजे डोंगरातल्या रस्त्यावर व्यापाऱ्यांच्या गाड्या लुटणारी बाई. डोळे घारे, म्हणून घारी. खरं नाव तिच्या आईलाच ठाऊक. एकदा तिने आमची घोडागाडी अडवली. मी आत देवाचा धावा करतेय, आणि बाईसाहेब गळ्यातली साखळी काढायला बघतायत. कडी निघेना. "थांबा हं, तुम्हाला उगाच खोळंबा," त्या म्हणाल्या. लुटणारीला म्हणतात! घारी हसत सुटली. मग त्यांचा हात धरून म्हणाली, "अगं बये, किती गार पडलेत हात तुझे!" आणि साखळी न घेताच गेली. घरी येईपर्यंत बाईसाहेब स्वतःचे हात बघत बसल्या होत्या.

त्याच हिवाळ्यात घारी आमच्या मागच्या दाराशी येऊन पडली. मांडीत गोळी आणि मागावर शिपाई. बाईसाहेबांनी तिला आत घेतलं, आणि ती उभी राहायला लागल्यावर माझ्या हाताखाली दिली. मदतनीस कसली, डोक्याला ताप! बटाटा सोलायला द्यावा तर निम्मा सालीबरोबर जायचा. पण दुपारी त्या दोघी खिडकीपाशी बसत. बाईसाहेब तिची पट्टी बदलत. घारी म्हणे, "तू आज नीट जेवली नाहीस," आणि त्यांचा चेहरा असा उजळे, की मी आपली चुलीकडे तोंड फिरवत असे. हळूहळू त्याही तिला 'तू' म्हणायला लागल्या, अडखळत अडखळत. प्रेम होतं ते. दुसरा शब्द नाही त्याला, आणि ज्याला नाक मुरडायचं असेल त्याने खुशाल मुरडावं.

मी घारीला एकच बजावलं होतं. बाहेरचं माणूस आलं की 'बाईसाहेब' आणि 'तुम्ही'. 'तू' म्हणालीस तर मेलीस. "राहील गं लक्षात," ती म्हणाली. कसलं डोंबलाचं राहतंय!

फौजदार घरोघर चौकशी करत आमच्याकडे आला. घारीने डोक्यावरून रुमाल ओढला, मान खाली घातली आणि चहा आणला. सगळं सुरळीत चाललं होतं. बाईसाहेबांनी कप उचलला, तो कलंडला आणि चहा मनगटावर सांडला.

"अगं, भाजलं का तुला?" घारी बोलून गेली.

फौजदाराने आपला कप खाली ठेवला. "बाईसाहेब, मोलकरीण तुम्हाला अरेतुरे करते?" असं म्हणून तो वाकून तिच्या डोळ्यांत बघायला लागला.

मी मध्ये पडले. "अडाणी आहे हो, साहेब, नवीन आहे. बाईसाहेब, द्या ठेवून एक थोबाडीत!" तेवढं केलं असतं तर निभावलं असतं. बाईसाहेब उठल्या. त्यांनी हात उगारला. तो हात घारीच्या गालावर जाऊन नुसता टेकला, आणि तिथेच राहिला.

दरोडेखोराला आसरा देणाऱ्यालाही तुरुंगच होता. घारीने तो हात बाजूला केला आणि रुमाल काढून टाकला. "मीच ती. यांना काही माहीत नाही. बाईसाहेब, तुम्ही मला काम दिलंत, मी तुम्हाला फसवलं. तुम्ही मला माफ करा." फौजदाराला सगळं कळलं होतं. पण न्यायाधीशांच्या विधवेला बेड्या घालायची त्याची छाती नव्हती, त्याने कबुलीवर भागवलं. बाईसाहेब वाचल्या त्या त्या 'तुम्ही'मुळे. आणि त्यांना लागलं तेही तेच.

घारीला जन्मठेप झाली. तिला भेटायला जावं तर तिचं खोटं उघडं पडणार, म्हणून बाईसाहेब कधी गेल्या नाहीत. खिडकीपाशी बसत. त्यांचे केस पांढरे झाले, माझे गुडघे गेले.

मग एका सकाळी दार वाजलं. वाकलेली, लंगडणारी म्हातारी. डोळे मात्र तेच. जन्मठेप भोगून घारी सुटली होती. मी हाक मारली तशा बाईसाहेब जवळजवळ धावतच आल्या. घारी पायांकडे बघत म्हणाली, "बाईसाहेब, तुम्ही बऱ्या आहात ना?"

बाईसाहेबांचा चेहरा उतरला. "तुम्ही चुकीच्या घरी आलात," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"अहो, डोकं फिरलं का तुमचं?" मी ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ओरडले त्यांच्यावर. त्या दाराला टेकून रडत होत्या. "'तुम्ही' म्हणणारीची वाट नाही पाहिली मी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, गेली. मग दाराबाहेरून अगदी हळू आवाज आला.

"अगं, उघड की. पाय दुखतोय माझा."

बाईसाहेबांना कडी काढता येईना. हात गार पडले होते. मीच काढली.