बर्फखान्यातला समुद्र

लग्नाआधी हे मला ‘तुम्ही’ म्हणत. मुंबईच्या कॉलेजात आम्ही जंतुशास्त्राच्या एकाच वर्गात होतो. सूक्ष्मदर्शकातून पाहून काही उमगलं नाही की हे माझ्या टेबलापाशी येत आणि हळूच विचारत, “तुम्हाला काय दिसतंय?” शेवटच्या परीक्षेत मी पहिली आले आणि हे बऱ्याच खाली. पुढे लग्न झालं, मी पनवेलला सासरी आले, मुलगी झाली. ह्यांना मुंबईच्या एका संशोधनसंस्थेत जागा मिळाली. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं हे घरी येत आणि सोमवारी पहाटे परत जात. मी घरीच असे. याबद्दल तेव्हा माझी काही तक्रार नव्हती. माझ्या ओळखीतल्या कुठल्याच बाईची नव्हती.

साठ सालच्या आसपास ते जहाज आलं. रशियन लोकांचं होतं, दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राचं पाणी तपासायला निघालेलं. वाटेत मुंबईला थांबून एका भारतीय संशोधकाला पाहुणा म्हणून बरोबर घेणार होतं. संस्थेतल्या मोठ्या साहेबांची छाती नाजूक, त्यांच्या खालच्यांच्या घरी लग्नकार्य. असं करत करत नाव ह्यांच्यापाशी येऊन थांबलं.

काम असं होतं : त्या गोठत्या समुद्रात वरच्या पाण्यापासून तळापर्यंत वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढायचं, आणि कुठल्या थरात कसले जंतू राहतात, किती राहतात ते पाहायचं. ह्यांनी बातमी सांगितली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, “छान झालं.” लाटणं हातातच होतं, पण ती पोळी काही गोल झाली नाही.

जाण्याआधी ह्यांनी रजा घेतली. कॉलेजनंतर ह्या कामाचा सराव सुटला होता, म्हणून मला म्हणाले, “तू एकदा सगळं दाखव मला.” मग आमच्या स्वयंपाकघरात आमचा वर्ग भरला. बंदरावरून बाटलीत खाडीचं पाणी आणायचं, काचेच्या झाकणाच्या बशीत आगराची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पुडीची, खीर ओतून थिजवायची, तिच्यावर पाण्याचा थेंब काचेच्या कांडीनं पसरायचा. एकेक जंतू जिथं पडेल तिथं वाढतो आणि काही दिवसांनी त्याचा डोळ्यांना दिसेलसा ठिपका होतो. ठिपके मोजले की पाण्यात किती होते ते कळतं. ह्यांचा हात जड. कांडी आगरात रुतायची. मी मनगट धरून दाखवलं, पुन्हा दाखवलं. “तुझा हात किती हलका आहे गं,” हे म्हणाले. कौतुकानंच म्हणाले. पण त्या क्षणी मनात आलं ते मला आजही आठवतं. जाणार तो जड हात, आणि हलका हात इथं भांडी घासणार.

हे गेले. काही आठवडे काहीच कळलं नाही. मग वाटेतल्या कुठल्याशा बंदरावरून एक फोटो आला. डेकवर चारपाच माणसं, केसाळ टोप्या घातलेली. त्यात आमचे हे, हसरे, आणि त्यांच्या शेजारी एक धिप्पाड बाई. मागं ह्यांनी लिहिलं होतं की ह्या बाई जंतूंच्या कामाच्या प्रमुख.

सासूबाईंनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि तो देव्हाऱ्यामागं ठेवून दिला. दुपारी मी तो पुन्हा काढून पाहिला. संध्याकाळीही पाहिला. त्या बाईच्या हातात लांबट पितळी नळी होती. ती मी पुस्तकातल्या चित्रावरून ओळखली. दोन्ही तोंडं उघडी ठेवून ती तारेवर खाली सोडतात. हव्या त्या खोलीवर पोचली की वरून तारेवरून एक वजन सोडायचं, ते घसरत जाऊन नळीवर आदळतं आणि तिची तोंडं बंद होतात. त्या खोलीवरचंच पाणी वर येतं, मधलं मिसळत नाही. मी ते चित्र कितीदा वहीत काढलं होतं. आणि ही बाई ती नळी अशी सहज धरून उभी होती, जशी मी कळशी धरते.

मला जेवण जाईना. सासूबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी त्याचा त्यांच्या परीनं अर्थ लावला. रात्री मुलीला थोपटताना म्हणाल्या, “पुरुषमाणूस लांब गेला की मन असंच होतं. पण माझा मुलगा तसा नाही.” दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई आल्या. त्या बेने इस्राएल समाजातल्या, नर्स होत्या. त्यांनी त्यांच्या मोठ्या भावाची गोष्ट सांगितली, तो इस्राएलला जाऊन तिकडचाच झाला म्हणून. सासूबाईंनी मला सोमवार धरायला सांगितला. मी धरला. मला त्या बाईचा नवऱ्यापायी मत्सर नव्हता, तिच्या हातातल्या नळीचा होता, हे समजावून सांगण्यापेक्षा साबुदाणा खाणं सोपं होतं.

आणि हेवा एकट्या तिचाच नव्हता. ह्यांचाही होता, आणि तो जास्त वाईट होता, कारण ह्यांची काळजीही वाटायची. आळीत कुणी विचारलं, “ध्रुवावरून काय खबर?” की मी हसून सांगायची. घरात आले की मुलीवर उगाच ओरडायची.

हे परतले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. काळवंडलेले, दाढी वाढलेली, आणि बरोबर गोणपाटात गुंडाळलेली, बर्फ भरलेली एक मोठी पेटी. मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यातल्या बशा तिच्यात होत्या. जहाजावरच पाणी पसरून, मेण लावून बंद केलेल्या. ते जंतू थंडीतच वाढतात आणि फार सावकाश वाढतात, म्हणून बशा अजून थंडीतच ठेवायला हव्या होत्या. जहाजावर शीतगृह होतं. पण संस्थेतली थंड खोली नेमकी बंद पडलेली. हे पेटी घेऊन सरळ पनवेलला आले आणि ओट्यावर बसले. “दोन दिवसांत सगळं मरेल,” म्हणाले.

मी पदर खोचला. उरण नाक्याच्या बाजूला एक बर्फाचा कारखाना होता, बंदरावरच्या मासळीसाठी. मालक कोकणी मुसलमान, ह्यांच्या शाळेतले. आम्ही दोघं गेलो. हे समुद्राच्या गोष्टी सांगायला लागले. मालक ऐकत होते, पण ‘जंतू’ शब्द आला तसे ते मागं सरले.

“भाभी,” मला म्हणाले, “इथनं कोळणी बर्फ घेऊन जातात. त्यांना कळलं की आत किडे ठेवलेत, तर माझा धंदा बसला.”

मी म्हटलं, “भाईसाहेब, हे जंतू आपल्या अंगाच्या उबेनं मरतात. माणसाला ते काही करू शकत नाहीत. माणूसच त्यांना मारतो.”

ते जरा विचारात पडले. मग बर्फाच्या लाद्या ठेवायच्या खोलीबाहेर एक लहान बोळ होता, भाताच्या तुसानं भिंती भरलेला, तिथली एक फळी त्यांनी रिकामी करून दिली. आत पाणी गोठायचं, बोळात गोठत नसे इतकंच. हवं होतं तसंच.

ह्यांना सोमवारी मुंबईला जावं लागलं, तेव्हा बशा माझ्याकडे आल्या. मुलीला सासूबाईंकडे सोपवून मी दुपारी कारखान्यात जायची. ह्यांचा जहाजावरचा जाड कोट मी साडीवरून चढवायची. त्याला डिझेलचा आणि कसल्याशा परक्या साबणाचा वास होता. बाहेर पनवेलचा वैशाख आणि आत माझ्या श्वासाची वाफ. बर्फ न्यायला आलेली एक कोळीण मला पाहून थबकली. “बाय, तुमी हिकडं काय करता? कोट कुनाचा हाय?” मी म्हटलं, नवऱ्याचा. “मंग नवरा कुठं हाय?” मी म्हटलं, उन्हात.

त्या बशांमध्ये मी पहिल्यांदा तो समुद्र पाहिला. अगदी वरच्या पाण्याच्या बशा ठिपक्यांनी भरून गेलेल्या, त्यात पिवळे आणि नारिंगी पुष्कळ. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, वरच्या पाण्यात हिरवं शेवाळ माजतं, आणि त्याच्या आधारानं ही सगळी गर्दी. त्याखालच्या थरात ठिपके कमी, रंग फिके. आणखी खाली, जिथं उजेड पोचतच नाही, तिथं रंग संपलेला. विरळ, पांढुरके, लहान. आणि सगळ्यांत खोल पाण्याच्या बशा कोऱ्या. शेवाळाचं खाणं खाली झिरपत जाईपर्यंत वरचेच ते संपवून टाकत असणार, असं मी मनाशी जुळवलं. कुणी विचारत नव्हतं, पण जुळवायला फार बरं वाटत होतं.

शनिवारी हे आले की मी आकडे द्यायची. आकडे घेताना हे तिकडचं सांगायचे. मुळात सगळ्यांत थंड पाणी तळाशी नसतंच, वरच्या थराखाली असतं, आणि त्याहून खाली गेलं की पाणी किंचित उबदार लागतं. जहाजावर थर्मामीटर वर आला तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. मी ऐकायची. “कुणाचा म्हणजे?” मी एकदा विचारलं. “तुमचा की त्या बाईंचा?” हे हसले. त्यांनाही वाटलं, सासूबाईंना वाटतं तेच.

काही आठवड्यांनी हे म्हणाले, “खोलच्या कोऱ्या आहेत. मी ‘काही आढळलं नाही’ असं लिहून टाकतो. अहवाल मागताहेत.”

“थांबा अजून,” मी म्हटलं.

“किती?”

“मला काय माहीत? तुम्ही गेला होतात तिथं.”

आवाज चढलाच माझा. ह्यांनी अहवाल थांबवला.

पावसाळा लागून बरेच दिवस झाले होते तेव्हा एका दुपारी खोलच्या बशीत, कंदील तिरपा धरल्यावर, मला सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसले. दुसरी बशी पाहिली, तिच्यातही. तिसरीतही. सगळे एकाच जातीचे दिसत होते. बाहेरची घाण शिरली असती तर हरतऱ्हेची शिरली असती. तरी खात्री करायला मी एक बशी घरी आणून फळीवर ठेवली. घरच्या उबेत इथला कुठलाही जंतू फोफावला असता. हे ठिपके वाढायचे थांबले, आणि पुन्हा थंडीत नेऊनही वाढले नाहीत. म्हणजे ते तिथलेच होते. त्या काळोखातले, आणि फार सावकाश जगणारे.

मी ह्यांना दाखवलं. हे बराच वेळ भिंग लावून बसले. मग म्हणाले, “मी तर फेकून देणार होतो. हे तुझं आहे.”

किती मोकळेपणानं म्हणाले. आणि मला त्यांचा तो मोकळेपणाच सोसेना. ज्याच्याजवळ आहे तोच असं देऊ शकतो.

गणपतीत शाळेच्या सभागृहात ह्यांचं व्याख्यान झालं. गर्दी पुष्कळ. हे नकाशा लावून बोलले, बर्फाचे डोंगर, पेंग्विन, मग पाण्याचे थर आणि त्यातले जंतू. खोलच्या ठिपक्यांचं श्रेय माझं आहे असं त्यांनी सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बायकांच्या बाजूला माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, “चांगला आहे हो नवरा. बायकोचं नाव घेतो.” आम्ही घरी आलो. सासूबाई म्हणाल्या, “आता तरी मनातलं जाऊ दे. त्या बाईचं नावही नाही काढलं त्यानं.”

तेव्हा मी बोलले. “आई, मला त्या बाईंचा राग ह्यांच्यावरून कधीच नव्हता. त्या जिथं उभ्या होत्या ना, तिथं मला उभं राहायचं होतं.”

सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी निखारे मागं सारले. “मग मी तुझ्याकडून सोमवार उगाच करून घेतले,” म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं : “सांगायचं होतंस. मला कसं कळणार, असंही हवंसं वाटतं म्हणून?”

पुढच्या वर्षी ते जहाज परत मुंबईला लागलं. ह्यांनी ह्या खेपेला माझं नाव सुचवलं होतं. संस्थेनं नाही म्हटलं. लेकुरवाळ्या बाईला पाठवायची जोखीम नको म्हणून. पण जहाज पाहायची परवानगी मिळाली. मुलीला घेऊन आम्ही तिघं गोदीत गेलो. फोटोतली ती बाई प्रत्यक्षात वयानं बरीच मोठी, चेहरा वाऱ्यानं रापलेला, हाताला भेगा. दोघींचंही इंग्रजी मोडकंतोडकं. मी बशा किती दिवस थंडीत ठेवल्या ते तिनं तीनतीनदा विचारलं आणि मान हलवत राहिली. माझ्या मुलीला पाहून तिनं सांगितलं की तिलाही दोन मुलं आहेत, आईपाशी असतात. मला वाटलं, आता म्हणेल की जीव तुटतो. ती तसं काही म्हणाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा निघणार आहे म्हणाली, आणि हसली.

मग तिनं मला कठड्यापाशी नेलं, नळी तारेला अडकवली आणि गोदीच्या त्या काळ्या, तेलकट पाण्यात सोडायला सांगितली. पाणी जेमतेम पाचसहा पुरुष खोल. मी वजन तारेवर सोडलं. तारेवर बोट ठेव, असं तिनं खुणेनं सांगितलं. मी ठेवलं. खालून एक बारीकसा ठोका बोटाला लागला. हे मुलीला कडेवर घेऊन मागं उभे होते.

त्या रात्री मी पुष्कळ रडले, आणि मला वाटत होतं तसा हेवा त्यानं कमी झाला नाही. वाढलाच. पण नंतरच्या दिवाळीत मुंबईला मासळी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत जागा निघाली. बर्फात ठेवलेला मासाही हळूहळू का नासतो ते शोधायचं काम. तिथंही थंडीत वाढणारेच जंतू. अर्ज ह्यांनी आणला, पण भरला मी. जागा मला मिळाली. आठवडाभर मुलीला कोण पाहणार, असं मी विचारायच्या आधीच सासूबाईंनी तिची दुपारची झोप आणि दूध यांची वेळ ठरवून टाकली होती. सोमवारी पहाटेच्या एसटीला आम्ही दोघं उभे राहिलो. खिडकीची जागा एकच होती. ती मी घेतली.