लुकअपवरचं भांडण

साताऱ्यात सासरी राहून मी घरातूनच प्रोग्रॅमिंगचं काम करते. पोटापाण्याचं काम एका कंपनीचं. पण सकाळी सगळ्यांचे डबे गेले, की कंपनीचं सुरू होण्याआधी तासभर मिळतो, तो मी माझ्या हौसेच्या कामाला देते. सी भाषेतली एक छोटीशी लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये उचलून वापरावा असा तयार कोड. ही फुकट आहे, कुणा एकाच्या मालकीची नाही, आणि जगात कुठंकुठं बसलेली थोडी माणसं मिळून तिची देखभाल करतात. एखाद्या प्रोग्रॅमची सेटिंग्ज वाचायची, ती जपून ठेवायची आणि कुणी नाव सांगितलं की त्या नावाखाली काय ठेवलंय ते काढून द्यायचं, एवढंच तिचं काम.

हे काढून देणारं जे फंक्शन आहे त्याला लुकअप म्हणतात. आत एक टेबल असतं, त्यात सगळ्या नोंदी असतात आणि लुकअप त्यातली नेमकी नोंद शोधून ती मेमरीत कुठं आहे तो पत्ता परत देतं. वापरणाऱ्याला ना टेबल दिसतं ना शोधाशोध. मला मात्र ही आतली बाजूच आवडते. लुकअप सांभाळायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मी त्यावर इतकी मेहनत घेतली, की ते आधीपेक्षा कितीतरी चपळ झालं. नव्या सुनेनं पहिल्यांदा पुरणपोळी न फुटता काढावी, तशी मी त्यावर खूश होते.

आणि मग त्यावर हरकत आली.

हरकत घेणाऱ्यानं नाव लावलं नव्हतं, नुसती दोन इंग्रजी अक्षरं. भाषा मात्र अशी, की वाचताना आपण सावरून बसावं. म्हणणं असं होतं: तुमचं फंक्शन जो पत्ता देतं तो टेबलाच्या पोटातला आहे. नोंदी वाढल्या की टेबल मोठ्या जागेत हलवावं लागतं. मग आधी दिलेला पत्ता खोटा ठरतो. मी उत्तर दिलं, की पत्ता जास्त वेळ धरून ठेवू नका, असं माहितीपत्रकात स्पष्ट सांगितलं आहे. त्यावर उत्तर: माहितीपत्रक कुणी वाचत नाही. मी म्हटलं, मग तो न वाचणाऱ्याचा दोष. त्यावर आणखी मोठं उत्तर: हे टेबलच काढून टाका, सगळ्या नोंदी नावाच्या क्रमानं एका ओळीत लावा आणि शब्दकोशासारखं मधोमध उघडून शोधा.

माझं टेबल काढून टाका! ते मला फार लागलं. नवी नोंद घालायची म्हटलं तर ओळीतल्या निम्म्या नोंदी सरकवाव्या लागतील, किती हळू होईल ते! दिवाळी झाली, संक्रांत आली, तरी आमचं चालूच. माझ्या डोळ्यांसमोर एक म्हातारे परदेशी प्रोफेसर उभे राहिले होते. बाहेर बर्फ, आत पुस्तकं, गळ्याशी मफलर, आणि हातात माझ्या चुका काढायला लाल पेन. मी कीबोर्ड आपटायला लागले, की माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या,

"आज काय म्हंतंय तुझं गोरं म्हातारं?"

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर औंधाजवळचं, आणि इतकी वर्षं साताऱ्यात काढूनही बोलणं औंधाकडचंच राहिलंय. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही नको असतं, पण भांडण म्हटलं की त्यांना ते पहिल्यापासून ऐकायचं असतं.

प्रकल्प चालवणारे एक परदेशी गृहस्थ आहेत. फार शांत स्वभावाचे. त्यांनी शेवटी सुचवलं, की तुम्ही दोघं एकदा प्रत्यक्ष बोला, मीही ऐकायला बसतो. ठरल्या संध्याकाळी आम्ही तिघं बोलायला जमलो. कॅमेरे बंद, नुसता आवाज. पहिला धक्का हा, की प्रोफेसरांचा आवाज बाईचा निघाला. तरीही इंग्रजी तेच, एकेक शब्द मोजूनमापून. तिनं तिचा मुद्दा मांडायला घेतला. मी उत्तराची वाट बघत माइक चालू ठेवून बसले होते. इतक्यात तिच्या मागून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं,

"आगं ए, लाईट आली! मोटार चालू कर जा!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अय्या, तुमच्याकडं आत्ता आली होय लाईट?"

मग ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही... कुठनं बोलताय?"

"साताऱ्यातनं. तुम्ही?"

"कवठे महांकाळ."

त्यानंतर आम्ही दोघी ज्या हसलो, त्या थांबेचनात. एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू. त्या बिचाऱ्या गृहस्थांनी विचारलं, लाइनमध्ये काही बिघाड आहे का? तिनं श्वास सावरून त्यांना त्याच कडक इंग्रजीत सांगितलं, की बिघाड काही नाही, पण मला आधी विहिरीवरची मोटार चालू करून यावं लागेल.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. माझ्याच वयाची निघाली. पुण्यात एका कंपनीत होती, मग नवऱ्याबरोबर गावी परत आली. घरची द्राक्षबाग, बेदाण्याची शेड आणि त्यातून वेळ काढून हे काम.

"मी तुम्हाला गोरा म्हातारा समजत होते," मी सांगून टाकलं.

"आणि मी तुम्हाला बंगळूरची कुणीतरी. लय शिष्ट वाटायचात!" ती म्हणाली. मग लगेच, "पण तुमचं लुकअप चुकलंयच हां."

त्याच सुमारास कुठल्याशा देशातल्या एका वापरणाऱ्यानं तक्रार पाठवली, की या लायब्ररीमुळं माझा प्रोग्रॅम मधेच बंद पडतो. रोज नाही, कधीतरीच. आम्ही सगळ्यांनी आपापल्या मशीनवर करून पाहिलं, कुणाकडं काही पडेना. ती म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं, "पाडून दाखवा, मग मानते." ती म्हणाली, "मग या इकडं. शेजारी बसून दाखवते."

मी निघायचं म्हटल्यावर आत्या म्हणाल्या, "मी बी येते." आणि पिशवीत खण-नारळ घातला. "भांडायला जरी चाललीस, तरी बाईमानसाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं न्हाई."

विट्याच्या स्टँडवर गाडी बदलली. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस मागं पडून द्राक्षाचे मांडव लागले, तसं आत्यांनी विचारलं, "नेमकं भांडान कशावर हाय ते तर सांग."

मी त्यांना समजेल असं सांगायला गेले. "आत्या, समजा कुणी येऊन मला विचारलं, की अमक्याचं घर कुठं. मी दाखवलं, त्यानं पत्ता पाठ केला. मग गर्दी वाढली म्हणून मी सगळीच घरं मोठ्या जागेत नेली. तो माणूस पुन्हा आला तो जुन्याच पत्त्यावर."

"मग तिचंच खरं की!"

"आवं आत्या, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"आवं काय आवं? गावं धरनात गेली, त्या मानसांस्नी इचार पत्त्याचं." एवढं बोलून त्यांनी खिडकीला डोकं टेकलं आणि कवठे महांकाळ येईपर्यंत झोपल्या.

ती फाटकात उभी होती. बारीक, ठेंगणी, ओढणी कमरेला खोचलेली, मनगटापर्यंत द्राक्षाचा चिकटा. आत्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हे व्हय तुझं गोरं म्हातारं?" तिनं वाकून त्यांना नमस्कार केला तो हसतच.

शेडमध्ये जाळ्यांच्या एकावर एक थरांवर द्राक्षं वाळत पडली होती, हिरव्याची सोनेरी व्हायला लागलेली. सगळीकडं गोडसर, थोडा आंबूस वास. तिचे सासरे जाळ्यांमधून हात फिरवत होते. टोपी, सदरा, आणि तोच खणखणीत आवाज. मोबाइलला रेंज शेडच्या टोकालाच चांगली यायची, म्हणून ती कायम तिथंच बसायची. द्राक्षाचं एक प्लास्टिकचं क्रेट पालथं घातलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, आणि आम्ही पोत्यांवर बसलो. आत्या तिच्या सासूबाईंबरोबर घरात गेल्या.

आम्ही एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका नावाचा पत्ता लुकअपकडून मागून घ्यायचा. तो धरून ठेवायचा. मग टेबल वाढेपर्यंत नवी नावं घालत राहायचं, आणि शेवटी धरलेल्या पत्त्यावर जाऊन बघायचं. चालवला. काही झालं नाही. पुन्हा चालवला. उत्तर बरोबर.

"चालतंय की!" मी म्हणाले. मला फार गोड वाटलं.

ती ओठ चावत पडद्याकडं बघत राहिली. तिचं ते तोंड बघून माझा आनंद टिकेना. कारण एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं, की हे का पडत नाहीये. टेबल नव्या जागेत गेलं तरी जुन्या जागेतलं लगेच पुसलं जात नाही. जुन्या पत्त्यावर गेलं, तर बहुतेक वेळा जुनं उत्तर अजून तिथंच सापडतं. म्हणून रोज पडत नाही, कधीतरीच पडतं. आणि हे कळल्यावर मला राहवेना. चूक पकडायची जी गंमत आहे, ती चूक कुणाची आहे याच्यापेक्षा मोठी असते.

"सरका जरा," मी म्हणाले. "टेबल हललं की जुनी जागा सोडायच्या आधी तिच्यात कचरा भरू. मग कळेल."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं परीक्षेत शेजारणीनं स्वतःहून पेपर पुढं केलाय. दोन ओळी घातल्या. तिनं बटण दाबलं.

प्रोग्रॅम धाडकन बंद!

"पडला! पडला!" आम्ही दोघी पोत्यावरून उठून नाचायलाच लागलो. "पडला गं बाई, पडला!"

तिचे सासरे जाळी टाकून पळत आले. "कोन पडलं? वरच्या जाळीवनं पडलं का?"

"प्रोग्रॅम पडला, मामा!" ती सासऱ्यांना म्हणाली.

"लागलं का कुनाला?"

"न्हाई हो!"

"मग एवढ्या आनंदानं वराडताय कशाला?" म्हणत ते परत गेले.

आता तिला वाटलं ती जिंकली. पण मीही पोत्यावर बसून विचार करतच होते. म्हटलं, "तुमची ती क्रमानं लावलेली ओळ. नोंदी वाढल्यावर तीसुद्धा मोठ्या जागेत हलवावी लागेल ना?"

तिनं कपाळावर हात मारला. "व्हय की! माझा पत्तासुद्धा खोटाच ठरतोय की!"

इतके महिने दोघी जिवाच्या आकांतानं भांडलो, आणि दोघींचंही चुकलेलं. त्या क्षणी जे हलकं वाटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मग तिनं म्हटलं, नोंदी टेबलात ठेवायच्याच कशाला? मी म्हटलं, बरोबर, प्रत्येक नोंदीला स्वतःची जागा देऊ, ती कधीच हलायची नाही. ती म्हणाली, टेबलात फक्त त्या नोंदीचा पत्ता. मी म्हटलं, टेबल खुशाल हलू दे. वाक्य एकीनं सुरू करायचं, दुसरीनं संपवायचं, आणि जिच्या हाताजवळ कीबोर्ड असेल तिनं लिहायचं. शोधताना एक पाऊल जास्त पडणार होतं, पण टेबल माझंच राहिलं आणि पत्ता तिच्या मनासारखा पक्का झाला.

शेवटचं एक फंक्शन राहिलं असताना घरातून हाक आली. त्यांचं घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. "एवढं एकच," ती म्हणाली. "ते पळून जात न्हाई, सूर्य जातोय," तिच्या सासूबाई म्हणाल्या. गेलो. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, दह्यातली शेंगदाण्याची चटणी. लसणाशिवाय घास न उतरणाऱ्या आमच्या आत्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली आणि चटणीत काय घातलंय त्याची चौकशी केली. ओटी भरून झाली होती. दोन्ही सासवांची माहेरं, दुखणी, लेकरं सगळं एकमेकींना सांगून झालेलं दिसत होतं.

जेवून पुन्हा शेडमध्ये आलो. राहिलेलं फंक्शन संपवलं. कचरा भरणाऱ्या त्या दोन ओळी तशाच ठेवून प्रोग्रॅम चालवला. उत्तर बरोबर. नावं वाढवली, टेबल पुन्हा पुन्हा हलवलं. पत्ता हलला नाही. मामा जवळ येऊन उभे राहिले.

"आता न्हाई पडत?"

"न्हाई, मामा."

"ब्येस झालं," म्हणून त्यांनी दोघींच्या ओंजळीत तयार बेदाणे घातले.

तो बदल आम्ही दोघींच्या नावानं पाठवला. तक्रार करणाऱ्यानं कळवलं, की त्याचा प्रोग्रॅम आता पडत नाही. प्रकल्पाच्या गृहस्थांनी आभार मानले आणि लिहिलं, की तुम्ही दोघींनी यापुढं जोडीनंच हा भाग सांभाळावा. आत्यांना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "मग आता सारखं जावं लागंल की तिकडं!" आणि खूश झाल्या.

जातो आम्ही. तीही येते साताऱ्याला. सध्या वाद आहे तो टेबलातून नोंद काढून टाकणाऱ्या फंक्शनवर. तिचं म्हणणं जागा लगेच मोकळी करावी, माझं म्हणणं थोडा वेळ तशीच राहू द्यावी. काल दुपारी फोनवर कान तापेपर्यंत भांडलो. भांडतो मराठीत, निकाल तेवढा इंग्रजीत कळवतो.