गच्चीवरचा पानमळा

माझ्या शेजारच्या गोपिकाताई ब्लाउज शिवतात. नागपुरात आमच्या मानेवाड्यात त्यांच्यासारखी फिटिंग दुसरीकडे मिळत नाही, असं माझी बायको म्हणते, आणि ती सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही. आमच्या दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्यामुळे त्यांच्याकडे काय चाललंय ते मला न विचारता कळतं आणि माझं मतही मी न विचारता देतो.

फेब्रुवारीत त्या पारशिवनीजवळच्या माहेराहून पानवेलीच्या सहा कांड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आल्या. त्यांच्या वडिलांचा, मनोहररावांचा, तिथं पानमळा होता. बांबूचे खांब, वर गवताचं छप्पर, चारी बाजूंनी कूड आणि आत गार, ओलसर सावलीत खाऊच्या पानांचे वेल. त्यांचा भाऊ अमोल याने यंदा तो मोडून संत्रा लावायचं ठरवलं. मोडायच्या आदल्या दिवशी ताईंनी कांड्या मागितल्या, तेव्हा मनोहरराव हसले.

"नागपूरच्या स्लॅबवर पानवेल? नवतपा काढला तिनं तं मले बोलव."

नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी कावळासुद्धा झाड सोडत नाही.

ताईंना ते हसणं फार लागलं. कारण त्या मळ्यात त्यांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. आधी लहान म्हणून लुडबुड नको, मग वयात आली म्हणून सावलीही नको. बाईचा हात लागला की वेल जळतात, असा घरचा नियम. भाऊ आत, बाप आत, गडी आत, आणि ही पोर भाकरीचं गाठोडं घेऊन कुडाबाहेर उभी. हे त्यांनी मला भिंतीपलीकडून अगदी कोरड्या आवाजात सांगितलं. राग मलाच आला. मी चौतीस वर्षं खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरपाशी काढली आहेत. काय कशानं जळतं ते मला कुणी शिकवू नये!

आता शिकलो, ती गोष्ट सांगतो.

वेलीला घर हवं होतं, आणि तेही स्वस्तातलं. एक माणूस येऊन गच्ची मोजून गेला. लोखंडी पाइपांच्या हरितगृहाचा त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून ताईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग त्यांच्या मुलीने, हर्षाने, मोबाइलवर तयार तंबू शोधला. पारदर्शक प्लास्टिक, पुढे चेन, किंमत दोन पैठणी ब्लाउजच्या शिलाईएवढी. फोटोत एक गोरी बाई स्वेटर घालून आत टोमॅटो तोडत होती. तो स्वेटर पाहूनच आपण शहाणं व्हायला हवं होतं. पण मी म्हणालो, "घ्या ताई, झकास आहे." आणि बॉयलरपाशी जन्म काढलेल्या या माणसाने तो तंबू स्वतःच्या हाताने उभा करून दिला.

मार्चच्या मध्यावर एका दुपारी ताईंनी चेन उघडली आणि वाफेचा लोट तोंडावर आला. सहापैकी पाच वेली उकडलेल्या पालकासारख्या कुंड्यांत पडल्या होत्या. कोपऱ्यातली एक तेवढी दोन पानांवर तग धरून होती.

ताई तिथंच खाली बसल्या. "बाबा काय म्हणतील सांगू का, भाऊ? बाईचा हात लागला म्हणतील."

मी मान खाली घालून तंबू सोडवायला लागलो.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या. "आतून मळा मले माहीत नाही. पण बाहेरून पुरा पाठ आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही इतवारीच्या बाजारात गेलो. दुकानदाराने हिरव्या जाळीचे गठ्ठे पुढ्यात टाकले आणि विचारलं, "कितने परसेंट की दूँ?" ताईंना सावलीचे टक्के कळत नव्हते. त्यांनी एकेक जाळी दुकानाबाहेर उन्हात धरायला लावली आणि खाली स्वतःचा तळहात धरला. हातगाड्या अडल्या, टेम्पोवाला ओरडला, बाई हलेनात. लहानपणी कुडाच्या फटीतून हात घातला की तळव्यावर जेवढं ऊन पडायचं, तेवढं त्या शोधत होत्या. चौथ्या जाळीला म्हणाल्या, "हे."

बांबू आणले. जाळी त्यांनी ब्लाउजच्याच मशीनवर दुहेरी टाक्यात शिवली. पश्चिमेच्या उन्हाचं काय करायचं, यावर मी दोन दिवस मतं दिली. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या कूलरच्या जुन्या ताट्या फेकून राहिले का, भाऊ?" मार्चमध्ये नागपुरात घरोघरी कूलरच्या ताट्या, म्हणजे पाण्याने भिजणारे वाळ्याचे पडदे, बदलतात. आळीतून आठ जुन्या ताट्या मिळाल्या. त्या पश्चिमेला कुडासारख्या बांधल्या आणि वरून भोकं पाडलेल्या डब्यातून पाणी झिरपत ठेवलं. लूचा तापलेला वारा त्यातून गार होऊनच आत यायचा. माझ्या डोक्यात हे आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

नवतपा लागला. सकाळ-संध्याकाळ पाणी ताई पाहायच्या, दुपारी गिऱ्हाईक असलं की मी. सहाव्या दिवशी एका पानाची कड पिवळी पडली. त्या संध्याकाळी ताईंच्या घरात कुणी धड जेवलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. पण पिवळेपणा त्या एका पानावरच थांबला. दहाव्या दिवशी वेलीवर अकरा पानं होती. ताईंनी बापाला फोन केला. "नवतपा निघाला, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मनोहरराव आले. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, जिना दमाने चढला. मी तुळशीला पाणी घालत होतो. पाणी कधीच संपलं होतं, पण मी हललो नाही.

म्हातारा आधी भोवती फिरला. जाळीवर हात फिरवला, ताट्यांचा ओलावा बोटांनी चाचपला.

"हे पश्चिमेचं कोणं सांगतलं तुले?"

"तुमच्याच मळ्याचा कूड आहे, बाबा. मी बाहेरूनच पाह्यला न. आत काय होते ते मले काय माहीत?"

मनोहरराव मागे वळले. गच्चीच्या नळापाशी गेले, चपला काढून ठेवल्या, दोन्ही पाय नीट धुतले. पानमळ्यात जाताना ते आयुष्यभर असेच जात आले होते. मग अनवाणी जाळीच्या दारापाशी आले. दार उघडंच होतं, पण ते उंबऱ्याबाहेर थांबले.

"गोपे, येऊ का वं आत?"

ताईंनी थोडं थांबवलं त्यांना, मुद्दाम. मी असतो तर आणखी थांबवलं असतं. ऊन चढत होतं, स्लॅब तापायला लागला होता, म्हातारा एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर भार देत उभा होता. पण आत शिरला नाही.

मग ताईंनी डोळे पुसले आणि बाजूला सरकून वाट दिली.

"या, बाबा. आत काय काय करतात, ते आता मले शिकवा."